'साभार पोच' छापताना पुस्तकाची किंमतही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हल्लीचे मराठी लेखक आपली पुस्तकं आपणच विकत फिरतात, याबद्दल नाक मुरडणारा एक लेख मध्यंतरी आपल्या रविवार पुरवणीत वाचला. लेखकाने लिहावं, प्रकाशकाने छापावं, दुकानदाराने विकावं, आणि लेखनात दम असेल तर वाचक हुडकत येतोच, असा त्याचा सूर होता. लेख सुरेख उतरला आहे. तो लिहिणाऱ्या गृहस्थांवर अलीकडे पहिलं पुस्तक काढायची वेळ आलेली नसावी, एवढंच त्यावरून कळलं. त्या लेखाला हे उत्तर, आणि 'साभार पोच', म्हणजे आपल्याकडे आलेल्या पुस्तकांची जी यादी पुरवणीत छापता, तिच्याबद्दल शेवटी एक सूचना.

माझ्यावर ती आली. वय सहासष्ट. टेलिफोन खात्यात ट्रंक बोर्डावर, म्हणजे बाहेरगावचे कॉल हाताने जोडून देतात तिथे, ऑपरेटर होते. १९८६ मध्ये खात्याचं महानगर टेलिफोन निगम झालं, खुर्ची तीच राहिली. साध्या कॉलच्या आठपट पैसे मोजून लाइटनिंग कॉल, म्हणजे सगळ्यांच्या आधी जोडून मिळणारा कॉल, लावणारी माणसं काय बोलायची आणि काय बोलायचं टाळायची, हे रात्रपाळीत जे कानावर पडलं त्यातून कथा सुचल्या. नावं-गावं अर्थातच बदलली आहेत. १६० पानांचं पुस्तक झालं. त्याचं नाव इथे मुद्दाम देत नाही, कारण ते दिलं तर हे पत्र जाहिरात म्हणून बाजूला ठेवायला आपल्याला आयतं निमित्त मिळेल.

लेखकाने फक्त लिहावं, हे ऐकायला गोड आहे. पण लिहून झालेली वही घेऊन तो जातो कुठे, तिथून सुरुवात करू. एका जुन्या, नामांकित प्रकाशन संस्थेने बऱ्याच महिन्यांनी सभ्य उत्तर पाठवलं, की पुढच्या दोन वर्षांची यादी भरलेली आहे. मला त्याचा राग आला नाही. तिथे येणारी बाडं वाचायला एखादाच माणूस असणार. दुसरीकडून उत्तरच नाही. तिसऱ्या ठिकाणाहून मात्र आठवड्याच्या आत फोन आला. "बाई, तुमची शैली फार ओघवती आहे." मी विचारलं, कुठली कथा आवडली? "सगळ्याच!" मग हळूच 'लेखक सहभाग योजना' निघाली. ऐंशी हजार भरायचे आणि शंभर प्रती घरी न्यायच्या. पुस्तकाची किंमत २५० रुपये ठेवणार होते. त्या शंभरही प्रती पूर्ण किमतीला विकल्या तरी पंचवीस हजार होतात. उरलेले पंचावन्न हजार ओघवत्या शैलीचे असावेत.

लेखकाने पैसे घालणं हे पाप आहे, असं मी म्हणत नाही. कागद, छपाई, बांधणी, सगळंच महाग झालं आहे. पूर्वी हजाराची आवृत्ती सर्रास निघायची, आता नवख्या लेखकाच्या तीनशे प्रती काढतानाही प्रकाशक दहादा विचार करतो. माझी हरकत आहे ती लपवाछपवीला. ऐंशी हजार घ्यायचे आणि वर चारचौघांत 'आम्ही नवोदितांना संधी देतो' म्हणायचं! त्या मंडळींनी पुढे केलेल्या करारात सर्व हक्क, सर्व माध्यमं, कायमचे, असं छापलेलं होतं. पैसेही माझे आणि हक्क मात्र त्यांचे.

इथे थोडं विषयांतर करते, कारण माझ्यासारख्या निवृत्तीनंतर लिहू लागलेल्या पुष्कळ बायका-पुरुषांना हे कोणी सांगत नाही. कॉपीराइट कायदा १९५७ सालचा आहे. त्यातल्या कलम १९ प्रमाणे हक्क दुसऱ्याच्या नावे करायचे तर ते लेखी हवं आणि त्यावर देणाऱ्याची सही हवी. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता धरतात. हक्क घेऊन प्रकाशक वर्षभर नुसताच बसून राहिला, तर करारात वेगळं काही लिहिलेलं नसल्यास ते हक्क संपुष्टात येतात. म्हणजे कायदा लेखकाच्या बाजूने बराच आहे. मात्र करारात 'कायमचे' असं छापलेलं असेल आणि आपण चहा पीत पीत सही केली, तर कायदा काय करणार? छापील पुस्तक, ई-बुक आणि ऑडिओ हे तीन हक्क वेगवेगळे मांडायला सांगावे. मी सांगितलं, तेव्हा फोनवरचा आवाज एकदम कोरडा झाला. आवाजातला बदल ओळखण्यावरच माझी नोकरी झाली आहे, त्यामुळे मी तिथेच नमस्कार केला.

दुसरी गोष्ट आयएसबीएनची, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकाची. लेखकाकडून पैसे घेऊन पुस्तक काढून देणारे काही पॅकेजवाले त्याचे वेगळे पैसे लावतात. हा क्रमांक आपल्या देशात राजा राममोहन रॉय यांच्या नावाची सरकारी संस्था दिल्लीहून देते, आणि फुकट देते. स्वतः प्रकाशक होणाऱ्या लेखकालाही तो ऑनलाइन अर्ज करून मिळतो. पहिल्याच पुस्तकासाठी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, हेही पुष्कळांच्या गावी नसतं. मी त्या वाटेने गेले नाही. अर्ज, छाननी, निकाल एवढं थांबायचा धीर नव्हता. तिशीतल्या मुलामुलींनी जरूर जावं.

शेवटी मुंबईतल्याच एका लहान प्रकाशकाशी जमलं. त्याने पहिल्याच भेटीत सांगितलं, "निम्मा खर्च तुमचा, निम्मा माझा. विकायला दोघांनी बाहेर पडायचं. मंजूर असेल तर बसू." तीनशे प्रतींच्या खर्चापैकी माझ्या वाट्याला सुमारे वीस हजार आले, बदल्यात शंभर प्रती. पुढच्या प्रती लागल्या तर चाळीस टक्के सवलतीने. करार पाच वर्षांचा, फक्त छापील पुस्तकापुरता, दर एप्रिलमध्ये हिशेब. दोन पानांत सगळं मावलं.

अक्षरजुळणीची एक वेगळीच कथा आहे. मी फाइल युनिकोडमध्ये दिली होती, त्यांच्याकडे काम जुन्या फॉन्टवर चालायचं. रूपांतर करताना रफार उडाले, काही जोडाक्षरांचे पाय मोडले. पहिलं प्रूफ बघून रडू आलं, दुसरं बघून हसू. मुद्रितशोधकाला पैसे द्यायला लोक का कचरतात कळत नाही. माझ्या मते एकूण खर्चातला सगळ्यात सत्कारणी लागलेला पैसा तोच.

आता विक्रीकडे येते, कारण मूळ वाद तिथला आहे. पुस्तकाची किंमत अडीचशे. दुकानात जाईपर्यंत वितरक आणि विक्रेता मिळून चाळीस टक्के जातात, म्हणजे शंभर रुपये. उरले दीडशे. तीनशेच्या आवृत्तीत एका प्रतीला सुमारे नव्वद रुपये छपाईचेच. राहिलेल्या साठात प्रकाशकाचं भाडं, ने-आण, पडून राहणाऱ्या प्रती आणि माझी दहा टक्के रॉयल्टी, म्हणजे पंचवीस रुपये. ते हातात यायला वर्ष लागतं. हीच प्रत मी स्वतः ओळखीच्या बाईला दोनशेला दिली तर तिचे पन्नास वाचतात. प्रकाशकाकडून सवलतीने दीडशेला आणलेल्या प्रतीवर मला पन्नास सुटतात, आणि प्रकाशकाला जे दीडशे दुकानाकडून उशिरा मिळाले असते ते रोख मिळतात. माझ्या पहिल्या शंभर प्रती दोनशेने गेल्या की घातलेले वीस हजार भरून निघतात. फायदा नाही, पण भुर्दंडही नाही.

यात दुकानदाराचं नुकसान होतं, हे मला मान्य आहे. मराठी पुस्तकांची दुकानं जगली पाहिजेत. आम्हा मुलुंडकरांना दुकानात उभं राहून निवांत पुस्तकं चाळायची झाली तर दादर नाहीतर ठाणं गाठावं लागतं. पण दुकानदाराची अडचणही समजून घ्या. दादरसारख्या ठिकाणची इंच इंच जागा, त्यात नव्या नावाचं पुस्तक तो पाच प्रती ठेवून घेतो, विकली गेली तर पैसे, नाहीतर परत. पाठीची कड तेवढी दिसेल असं ते कपाटात जातं. ते तिथे आहे हे कोणालाच ठाऊक नसेल, तर मागणार कोण? लेखक बाहेर बोलला तरच दुकानातली प्रत हलते. म्हणजे त्याने तोंड उघडण्यात दुकानदाराचंही भलंच आहे.

आणि हे आजचं खूळ थोडंच आहे? एकोणिसाव्या शतकातली मराठी पुस्तकं ग्रंथसंग्रहालयात उघडून बघा. कित्येकांत आश्रयदात्यांची, म्हणजे आगाऊ पैसे भरणाऱ्यांची नावनिशीवार यादी छापलेली सापडते. ते वर्गणीदार आपोआप नव्हते जमले. कोणीतरी पत्रं लिहिली असतील, उंबरठे झिजवले असतील. पुढे सत्तरच्या दशकात याच मुंबईत 'ग्रंथाली'ची वाचक चळवळ उभी राहिली, तीसुद्धा वाचक आधी गाठायचा, त्याला सभासद करून घ्यायचं, म्हणजे पुस्तक स्वस्तात देता येतं, या हिशेबावर. त्या वेळी कोणी त्यांना फेरीवाले म्हटलं असेलही. पुस्तकं मात्र घरोघर पोचली.

माझी पुस्तकं कशी गेली ते सांगते. प्रकाशन समारंभ केला नाही. सभागृहाचं भाडं, बॅनर, शाल-श्रीफळ, पाहुण्यांची गाडी, पन्नास माणसांची बटाटेवड्याची सोय, आणि शेवटी विकल्या जाणार पंधरा प्रती. त्याही नातेवाइकांनी घेतलेल्या. त्याऐवजी संक्रांतीच्या सुमाराला आमच्या एक्स्चेंजमधल्या जुन्या मैत्रिणींना फोन केले. फोन करणं हे काम मला जमतं. हळदीकुंकवाला प्लास्टिकचे डबे आणि चाळण्या लुटण्यापेक्षा वाण म्हणून पुस्तक द्या, म्हटलं. एकीने दहा घेतली, तिचं बघून तिच्या शेजारणीने घेतली. डोंबिवलीच्या एका महिला मंडळाने मला बोलावून एक कथा वाचायला लावली, आणि नंतर टेबलावरच्या प्रती संपल्या. तिथे एक बाई भेटल्या. त्यांचे सासरे साताऱ्याहून रात्री-अपरात्री ट्रंक कॉल लावायचे. "तुम्हीच असाल हो त्या, 'तीन मिनिटं झाली' म्हणणाऱ्या!" असं म्हणाल्या. असेनही. अशी वाचक मला कुठल्या दुकानाच्या कपाटातून मिळाली असती?

वाचनालयांना फोन केले तोही अनुभव चांगला आहे. महाराष्ट्रात शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयं सुमारे अकरा हजार आहेत. त्यांतली बहुतेक लहान, खेड्यातली, अनुदानाची वाट बघणारी. त्यांची खरेदी एखाद-दुसऱ्या विक्रेत्याकडून, भरघोस सवलतीने आणि बहुधा मार्चच्या तोंडावर होते. एकट्या लेखकाचं एक पुस्तक आणि एक बिल म्हणजे त्यांना उपद्रवच. तरीही काही ग्रंथपालांनी नाव लिहून घेतलं आणि सभासदांनी मागितलं तर विक्रेत्याला सांगतो, म्हणाले. म्हणून मी ओळखीच्यांना सांगते की विकत घ्यायचं नसेल तर नका घेऊ, पण तुमच्या वाचनालयाच्या मागणी वहीत नाव तेवढं लिहा.

टपालाचाही हिशेब ठेवावा लागतो. रजिस्टर्ड बुक पोस्टची स्वस्त सोय डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली, तेव्हा लहान प्रकाशकांनी बरीच ओरड केली. मे २०२५ पासून 'ज्ञान पोस्ट' आलं. ३०० ग्रॅमपर्यंत वीस रुपये, कर वेगळा. माझं पुस्तक त्या वजनात बसतं. नियमाप्रमाणे आत शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक किंवा धार्मिक मजकूर हवा. माझ्या कथा यांतल्या कशात मोडतात, असं खिडकीवरच्या मुलीने विचारलं. मी गप्प. तिने पुस्तक उलटसुलट केलं आणि म्हणाली, "सांस्कृतिक लिहू या." इतकं नेमकं परीक्षण अजून कोणी केलेलं नाही.

जाहिरातबाजीतलं काय खटकतं, तेही लिहायला हवं, नाहीतर मी सगळ्याचीच भलामण करते असं वाटेल. सोसायटीच्या ग्रुपवर रोज सकाळी सुप्रभाताबरोबर आपलंच मुखपृष्ठ टाकणारे लेखक मला सहन होत नाहीत. महिन्याभरात 'दुसरी आवृत्ती' असं चिकटवणारेही. पुस्तक न वाचता वाचल्यासारखी पाच तारे देणारी मित्रमंडळी तर आणखी वाईट, कारण दुसऱ्यांदा त्यांच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. आणि ते पुरस्कार! प्रवेश शुल्क इतकं, प्रती चार, पोस्टाने पाठवा. निकाल लागतो तेव्हा तीस जणांना एकाच दिवशी एकाच सभागृहात सन्मानचिन्ह. राज्य शासनाच्या वाङ्मय पुरस्कारांत प्रथम प्रकाशनासाठी वेगळे पुरस्कार आहेत. पाठवायचंच तर तिथे पाठवावं.

पण या सगळ्यापेक्षा मराठी लेखकाला मारते ती फुकट प्रत. "एक माझ्यासाठी ठेव हं," असं जेव्हा नात्यातलं माणूस म्हणतं, तेव्हा त्यात पैशांचा विषय नसतो, हे दोघांनाही माहीत असतं. याच माणसाने आपल्या भाचीच्या बुटीकमधून साडी घेताना निमूटपणे पैसे मोजलेले असतात. मी पहिल्यापासून किंमत मोठ्याने सांगायची सवय ठेवली. "ठेवते, दोनशे रुपये." दोन-तीन जणी हिरमुसल्या. एक दीर आहेत, त्यांनी यूपीआयवर पैसे पाठवले, सोबत एक अंगठा, आणि पुस्तक खरंच वाचलं. चुका काढायला रात्री साडेदहाला फोन केला. विकत घेतलेलं पुस्तक माणूस वसूल करतो.

कायद्याने द्यायच्या प्रती मात्र मोफतच असतात आणि त्या आनंदाने द्याव्या. १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकाने पुस्तक निघाल्यापासून तीस दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि दिल्ली, चेन्नई, मुंबईच्या ठरलेल्या ग्रंथालयांना एकेक प्रत स्वखर्चाने पाठवायची असते. न पाठवणाऱ्याला दंड आहे पन्नास रुपयांपर्यंत आणि वर पुस्तकाची किंमत. दंड इतका किरकोळ असल्यामुळे पुष्कळ जण पाठवत नाहीत. माझ्या प्रकाशकाने पाठवल्या. आणखी पन्नास वर्षांनी कोणाला ट्रंक बोर्डावरच्या बायकांबद्दल काही शोधायचं झालं, तर निदान चार ठिकाणी ते सापडेल.

आता आपल्याकडे येते. आम्ही परीक्षणासाठी आपल्याला दोन प्रती पाठवल्या होत्या. परीक्षण आलं नाही, त्याची तक्रार नाही. पुरवणीची पानं कमी झाली आहेत आणि पुस्तकांचा ढीग वाढला आहे, हे दिसतंच. 'साभार पोच'मध्ये नाव आलं. मी कात्रण काढून ठेवलं. त्यात पुस्तकाचं नाव होतं, माझं होतं, प्रकाशकाचं होतं. पानं किती, किंमत किती, मिळेल कुठे, यातलं काहीही नव्हतं. कथा आहेत की कविता, तेही नाही. त्याच दिवशी कोल्हापूरहून माझ्या मावसबहिणीचा फोन आला. "पेपरात नाव वाचलं गं, पण मागवायचं कुठून?" तिच्याकडे माझा नंबर होता. ज्यांच्याकडे नव्हता त्यांनी काय केलं असेल? पान उलटलं असेल.

माझी सूचना एवढीच आहे की पोच देताना प्रत्येक पुस्तकापुढे चार गोष्टी छापाव्यात: वाङ्मयप्रकार, पानं, किंमत आणि प्रकाशकाचा संपर्क क्रमांक. हे सगळं पुस्तकाच्या तिसऱ्या-चौथ्या पानावर असतं. कोणाला पुस्तक वाचत बसावं लागत नाही. जागा वाढते ती पुस्तकामागे फार तर एक ओळ. एका आठवड्यात वीस पुस्तकांची पोच देण्याऐवजी बारांची द्या, उरलेली पुढच्या आठवड्यात. आम्ही थांबू. लेखकांनी स्वतःचं पुस्तक स्वतः विकू नये, असं आपल्या पुरवणीचं मत असेल, तर ती जबाबदारी थोडीशी आपणही उचलावी.

पत्र लांबलं आहे याची कल्पना आहे. कापायचं झालं तर हळदीकुंकू आणि दीर खुशाल कापा, पण वरचा परिच्छेद तसाच राहू द्या.

आपली,
एक निवृत्त टेलिफोन ऑपरेटर,
मुलुंड (पूर्व), मुंबई